साहेबांचा इनबॉक्स का तुंबतो, आणि तो मोकळा कसा ठेवायचा

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आणि मशीन शॉप, दोनशेच्या आसपास माणसं, इनबॉक्समध्ये १८ हजार न वाचलेले मेल आणि रोज नव्याने दोन-अडीचशे. रात्री जेवणानंतर मोबाईलवर तासभर मेल बघूनही एका जुन्या ग्राहकाची नव्या कास्टिंगची, म्हणजे ओतीव भागाची, चौकशी राहून गेली आणि काम दुसरीकडे गेलं. एखादं चांगलं ॲप घ्यावं की सगळं डिलीट करून नव्याने सुरुवात करावी, असं तुम्ही विचारलंय.

ॲप घेऊ नका आणि डिलीटही करू नका. दोन्हींनी आठवडाभर बरं वाटेल, महिन्याभरात परत तेच होईल. मी पिंपरी-भोसरी पट्ट्यात बरीच वर्षं व्यवस्थापकीय संचालकांची कार्यालयं सांभाळली. लघुलेखन-टंकलेखनाच्या परीक्षा देऊन टेलेक्सच्या जमान्यात नोकरीला लागले आणि पुढे त्याच खुर्चीत बसून साहेबांचे मेलबॉक्स चालवले. त्या जोरावर ठामपणे सांगते की तुंबलेल्या इनबॉक्सचा वाचनाच्या वेगाशी फारसा संबंध नसतो. तुमच्याकडे येणाऱ्यातले बहुतेक मेल मुळात तुमचे नसतातच. त्या विषयात 'हो' किंवा 'नाही' म्हणायचा अधिकार कंपनीत कोणाला आहे हे ठरलेलं नसतं, म्हणून ते तुमच्यापर्यंत येतात. अधिकार ठरले आणि तुमच्या आधी मेल बघणारं एक माणूस बसलं, की उरलेलं काम दिवसाला तासाभराचं असतं.

टपालाच्या काळात कोणत्याही बऱ्या कंपनीत पोस्टमन थेट साहेबांच्या हातात पाकीट देत नसे. आवक क्लार्क टपाल फोडायचा, तारखेचा शिक्का मारायचा, आवक नोंदवहीत क्रमांक घालायचा आणि मग टपाल पॅड आत जायचं. साहेब पत्राच्या कोपऱ्यात दोन शब्द लिहायचे: 'खरेदी विभाग', 'बोला', 'आज उत्तर द्या'. संध्याकाळी नोंदवहीत बघितलं की कोणतं पत्र कोणाच्या टेबलावर आहे ते कळायचं. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्यानंतरची काही वर्षं आमच्याकडे आख्ख्या कंपनीचा एकच मेल-आयडी होता. मेल छापून निघायचा आणि त्याच टपाल पॅडमध्ये आत जायचा. पुढे प्रत्येकाला स्वतःचा आयडी मिळाला आणि आवक टेबल कोणाच्याही लक्षात न येता गेलं. आज तुमच्या कारखान्यात गेटवर येणाऱ्या प्रत्येक ट्रकची नोंद होते, पण साहेबांच्या नावाने येणाऱ्या मेलची होत नाही. तुमच्या चौकशीचं जे झालं ते यातूनच झालं.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे आठवडाभराची आवक नोंद. सोमवार ते शनिवार तुमच्या आयडीवर आलेला प्रत्येक मेल कोणीतरी एका वहीत किंवा एक्सेलमध्ये मांडायचा. कोणाकडून आला, कशाबद्दल, आणि आपल्याकडून नेमकं काय हवंय एवढे तीनच रकाने. तिसऱ्या रकान्यात चारपैकी एक शब्द लिहायचा: निर्णय, सही, माहिती किंवा धास्ती. धास्ती म्हणजे ज्यात तुम्हाला काहीच करायचं नाही, पण पुढे काही बिनसलं तर 'साहेबांना सीसी होतं' म्हणता यावं एवढ्यासाठी पाठवलेला मेल. जाहिराती आणि पोर्टलवरून आपोआप येणारे संदेश वेगळे मोजायचे. आठवड्याच्या शेवटी ही वही घेऊन शांतपणे बसा. माझ्या पाहण्यात प्रत्येक वेळी धास्तीची यादी सर्वांत लांब निघाली आहे आणि निर्णयाची यादी एका पानात मावली आहे.

आता त्या पानावरची एक ओळ जवळून बघू. समजा खरेदी विभागाचा मेल आहे, टूलिंगच्या इन्सर्टबद्दल, म्हणजे मशीनवर धातू कापणाऱ्या बदलत्या पात्यांबद्दल. दोन पुरवठादारांची कोटेशनं जोडलेली, मागे अकरा मेलांची साखळी, आणि शेवटी एकच वाक्य: 'कृपया सल्ला द्यावा.' हा मेल उघडून, साखळी खालून वर वाचून, दोन पीडीएफ मोबाईलवर चिमटीने मोठ्या करून तुमची दहा मिनिटं जातात. रक्कम असते चाळीस हजारांची. पुढच्या महिन्यात हाच मेल परत येतो, कारण उत्तर देताना तुम्ही इन्सर्ट कोणाचे घ्यायचे ते सांगितलंत, पण चाळीस हजारांपर्यंत मला विचारू नका असं सांगितलं नाहीत. प्रत्येक उत्तराबरोबर तुम्ही पुढच्या मेलचं आमंत्रण देत होतात.

त्यामुळे निर्णयाच्या प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न विचारा. हा निर्णय माझ्या गैरहजेरीत घ्यायला कोण लायक आहे? नाव सुचलं की मर्यादा लिहून द्या. मंजूर पुरवठादाराकडून नेहमीची खरेदी असेल तर इतक्या रकमेपर्यंत खरेदीप्रमुख. ग्राहकाची गुणवत्तेची तक्रार आली तर पोच त्याच दिवशी क्वालिटीप्रमुख देणार आणि मालकांना फक्त लाइन थांबायची वेळ आली तरच फोन करणार. ट्रान्सपोर्टरच्या दरातला ठरावीक टक्क्यांपर्यंतचा फरक डिस्पॅचवाले बघतील. रजा, ॲडव्हान्स, ओव्हरटाइम एचआरकडे. हे सगळं एका कागदावर, तारीख घालून, तुमच्या सहीने. तोंडी सांगितलेला अधिकार पहिल्या चुकीला विरून जातो, हे तुमच्या माणसांना चांगलं माहीत असतं. कागद दिल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत कोणीतरी तुमच्यापेक्षा वेगळा निर्णय घेईलच. त्या वेळी तुम्ही त्याला सगळ्यांसमोर झापलंत तर दुसऱ्या दिवसापासून धास्तीचे मेल दुपटीने सुरू होतील. वेगळा निर्णय आणि चुकीचा निर्णय यातला फरक तुम्ही तिथे दाखवायचा आहे. या सगळ्यातला अवघड भाग हाच आहे आणि तो कोणतंही ॲप करून देणार नाही.

मर्यादेच्या वरचे मेल तुमच्याकडे यायलाच हवेत, पण ते एका ठरलेल्या साच्यात यावेत. विषयाच्या ओळीतच सगळं असावं: 'निर्णय हवा, बुधवारपर्यंत, भट्टीचं लायनिंग, खर्च सव्वातीन लाख.' आत पहिल्या चार ओळींत पर्याय कोणते, पाठवणाऱ्याची शिफारस काय आणि उशीर झाला तर काय अडेल. जुनी साखळी खाली राहू दे, ज्याला लागेल तो बघेल. शिफारस नसलेला मेल सरळ परत पाठवा, एका ओळीत: 'तुमचं मत काय?' काही आठवड्यांत निम्मे लोक मत लिहिताना स्वतःच उत्तरापर्यंत पोचतात आणि मेल पाठवतच नाहीत.

आता मांडणीकडे येऊ. १९८० च्या दशकात अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी सरकारी कार्यालयातल्या कागदांना जी शिस्त लावली ती 'लखिना पॅटर्न' म्हणून गाजली. तिच्यातली सहा गठ्ठे पद्धत सरकारी नोकरीतल्या कोणालाही विचारा, माहीत असते. निर्गतीसाठी, म्हणजे निकाली काढायला, समोर असलेली प्रकरणं, दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघत थांबलेली प्रतीक्षाधीन प्रकरणं, ठरावीक मुदतीत पाठवायची नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद. साहेबांच्या मेलबॉक्ससाठी याहून नेटकी विभागणी मला अजून मिळालेली नाही. ग्राहकाच्या नावाने एक फोल्डर, पुरवठादाराच्या नावाने एक, बँकेचं एक असे चाळीस फोल्डर करणारे लोक पुढे कोणता मेल कुठे टाकला तेच शोधत बसतात. नावाने शोधायचं काम शोधपट्टी उत्तम करते. फोल्डरने सांगायचं ते एवढंच की या मेलचं पुढे काय करायचं आहे.

निर्गतीच्या गठ्ठ्यात फक्त तुम्हीच करू शकाल अशा गोष्टी राहतात. तुमची नोंद खरी असेल तर रोज दहा-पंधरा. नियतकालिकांत बँकेचं स्टॉक स्टेटमेंट, टीडीएसची महिन्याची ७ तारीख, मासिक विवरण भरणाऱ्यांसाठी जीएसटीची ११ आणि २० तारीख, भविष्य निर्वाह निधीची १५ तारीख, ग्राहकांचे महिन्याचे डिलिव्हरी शेड्यूल. हे मेलवर न ठेवता थेट कॅलेंडरवर चढवायचे आणि मेल अभिलेखात. स्थायी आदेश म्हणजे परत परत लागणारे कागद: ग्राहकाच्या पॅकिंगच्या अटी, चालू दरकरार, कच्च्या मालाच्या दरवाढीचं सूत्र, विम्याची पॉलिसी. अभिलेखाबद्दल पुढे सांगते. नष्ट करायच्या गठ्ठ्यात जाहिराती, वेबिनारची आमंत्रणं, पोर्टलचे रोजचे अहवाल. एकेक डिलीट करत बसू नका. पाठवणाऱ्याचं सदस्यत्व रद्द करा किंवा नियम लावा, म्हणजे तो मेल पुन्हा समोर येणारच नाही.

सगळ्यात मोलाचा गठ्ठा प्रतीक्षाधीन आहे आणि नेमका तोच कोणी ठेवत नाही. तुम्ही एखाद्याला काम सांगितलं, ग्राहकाकडून ड्रॉइंग मागवलं, बँकेला पत्र लिहिलं, की चेंडू समोरच्याच्या अंगणात गेला असं वाटतं आणि विषय डोक्यातून जातो. म्हणून उत्तर पाठवताना त्या मेलला प्रतीक्षाधीन लेबल लावायचं आणि कोणत्या तारखेला आठवण करायची ते ठरवायचं. जीमेल आणि आउटलुक दोन्हींत मेल ठरलेल्या दिवशी परत वर आणायची सोय आहे. शनिवारी सकाळी अर्धा तास हा गठ्ठा बघायचा आणि जिथे उत्तर नाही तिथे दोन ओळींची आठवण द्यायची. महाराष्ट्रात २००५ चा जो दप्तर दिरंगाईचा कायदा आहे, त्यात सर्वसाधारण नस्ती, म्हणजे फाइल, कोणाही कर्मचाऱ्याकडे सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये असं म्हटलंय. सरकारी कार्यालयात ते किती पाळलं जातं हा भाग वेगळा, पण सात दिवसांची रेघ खाजगी कंपनीलाही उपयोगी आहे. सातव्या दिवशी मेल तुमच्याकडे पडून असेल तर तो निर्णय तुमच्याकडून होत नाहीये. तो कोणाकडे तरी सोपवा किंवा नकार कळवा. समोरच्या माणसाला नकार चालतो, लटकून राहणं चालत नाही.

हे सगळं तुम्ही एकट्याने करू नका. आवक टेबलावर माणूस हवं. तुमच्याएवढ्या कंपनीत त्यासाठी स्वतंत्र स्वीय सहायक नेमणं परवडतं, आणि लगेच जमत नसेल तर अकाउंट्स किंवा सेल्स को-ऑर्डिनेशनमधलं एखादं नेमक्या स्वभावाचं माणूस सकाळ-दुपार एकेक तास द्या. घरातला भाचा-पुतण्या 'मोकळा आहे' म्हणून बसवू नका. कंपनीतल्या लोकांना त्याच्यासमोर साहेबांबद्दलची अडचण मोकळेपणाने लिहिता येत नाही. आणि पासवर्ड कधीही देऊ नका. जीमेलमध्ये डेलिगेट नेमायची सोय आहे, ती संगणकावरून सेटिंगमध्ये जाऊन लावता येते. नेमलेल्या माणसाला तुमचे मेल वाचता, हलवता आणि तुमच्या वतीने पाठवता येतात, पासवर्ड मात्र बदलता येत नाही. आउटलुकमध्येही अशीच सोय आहे, तिथे काय बघू द्यायचं ते जास्त बारकाईने ठरवता येतं. माणूस सोडून गेलं तर एका मिनिटात परवानगी काढून घेता येते. पासवर्ड दिला असेल तर तोच पासवर्ड बँकेत, पोर्टलवर आणखी कुठे कुठे वापरलाय ते आठवत बसावं लागतं.

घरचं, तब्येतीचं, भागीदारांमधलं आणि पगाराबद्दलचं बोलणं वेगळ्या आयडीवर न्या आणि तो आयडी तुमच्याशिवाय कोणी बघू नये. ही सोय आधी करा, मगच डेलिगेट नेमा. मालकांना दुसऱ्याला मेल उघडून देणं जड जातं, त्याचं खरं कारण बहुतेक वेळा इथेच असतं.

सहायकाने काय करायचं तेही लिहून द्या. सकाळी साडेनऊपर्यंत रात्रीचे मेल सहा गठ्ठ्यांत जातील. दुसऱ्या विभागाचे मेल तुमच्या मर्यादापत्रकाप्रमाणे त्या त्या माणसाकडे, 'साहेबांनी तुमच्याकडे दिलंय, शुक्रवारपर्यंत उत्तर, मला प्रत' अशा एका ओळीने. ग्राहकाला पोच. मग दहा वाजता तुम्ही आणि सहायक समोरासमोर बसायचं. ती एकेक विषय दोन वाक्यांत सांगते, तुम्ही तोंडी उत्तर देता, ती लिहून घेते आणि मसुदा तयार करते. बोलून निर्णय द्यायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कैक पट वेळ अंगठ्याने टाइप करायला लागतो. ज्या साहेबांचे मेलबॉक्स मी सांभाळले त्यांच्यातले जे खरोखर वेगाने काम करायचे, ते सगळे मेल ऐकायचे. फक्त ग्राहकाचा रागाचा मेल स्वतः, पूर्ण, शांतपणे वाचायचे. तो सहायकाच्या दोन वाक्यांत कधीच नीट येत नाही, त्यामुळे ही सवय तुम्हीही लावून घ्या.

काही गोष्टी सहायकाने कधीच करू नयेत. दर मान्य आहे, ऑर्डर पक्की आहे, दावा कबूल आहे अशा अर्थाचं काहीही तुमच्या स्पष्ट होकाराशिवाय जाऊ नये. मेलवरचा होकार हा पूर्ण होकार असतो. ट्रायमेक्स इंटरनॅशनल विरुद्ध वेदांता ॲल्युमिनियम या बॉक्साइटच्या व्यवहारावरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मेलांच्या देवाणघेवाणीतून करार झाल्याचं मान्य केलं, औपचारिक करारपत्रावर सह्या व्हायच्या राहिल्या होत्या तरीही. रात्री अकरा वाजता मोबाईलवरून 'ठीक आहे, पुढे जा' लिहिताना हे लक्षात असू द्या. साखळीत खाली कोणता दर आणि कोणत्या अटी आहेत ते त्या वेळी कोणी बघत नाही. दुसरी गोष्ट बँक खात्याची. पुरवठादाराच्या नावाने 'आमचं खातं बदललंय, यापुढे इथे पैसे पाठवा' असा मेल आला, तर त्यातल्या नंबरवर फोन करू नये. आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरवर, ओळखीच्या माणसाशी बोलूनच खातं बदलावं. अशा मेलमध्ये कंपनीचं नाव, सही, चालू बिलाचा क्रमांक सगळं बरोबर असू शकतं, पत्त्यातलं एखादंच अक्षर वेगळं असतं, किंवा समोरच्याचा खरा मेलबॉक्सच कोणीतरी ताब्यात घेतलेला असतो. पैसे गेले तर त्याच क्षणी १९३० वर फोन आणि बँकेला कळवणं. तासाभराचा उशीरही महाग पडतो.

आता ते १८ हजार. संगणकावर बसा, मोबाईलवर हे होत नाही. डिलीट करायच्या आधी शोधायचं. शोधपट्टीत एकेक नाव घाला: जीएसटी, आयकर, कंपनी निबंधक, भविष्य निर्वाह निधी, प्रदूषण नियंत्रण मंडळ, महावितरण, तुमची बँक, विमा कंपनी, आणि मग पहिल्या वीस ग्राहकांची नावं. यातून जे निघेल ते वाचायचं, बाकीचं वाचायचं नाही. सरकारी मेल आधी, कारण नोंदणीच्या वेळी दिलेल्या मेल-आयडीवर पाठवलेली नोटीस जीएसटी कायद्याच्या कलम १६९ नुसार बजावली गेली असं धरलं जातं. 'मी मेल बघितलाच नाही' हे उत्तर तिथे चालत नाही आणि विवरणातल्या तफावतीच्या नोटिशीला उत्तर द्यायची मुदत साधारण ३० दिवसांचीच असते. आयकराच्या नोटिसाही आता मेल आणि पोर्टलवरच येतात. त्याच वेळी पोर्टलवर कोणता आयडी नोंदलेला आहे तेही तपासा. कित्येक कंपन्यांच्या नोंदणीत अजून जुन्या कर सल्लागाराच्या कार्यालयातल्या कोणाचा तरी आयडी असतो. अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचा मेल आणि मोबाईल पोर्टलवरून ओटीपीने बदलता येतो, अधिकाऱ्याच्या मंजुरीची वाट बघावी लागत नाही. मी सुचवेन की 'कम्प्लायन्स' नावाचा स्वतंत्र आयडी करा आणि तो अकाउंट्सप्रमुख आणि सहायक अशा दोघांनी रोज उघडावा.

शोधून झालं की दोन महिन्यांपेक्षा जुनं सगळं एका झटक्यात अभिलेखात, म्हणजे अर्काइव्हमध्ये पाठवा. मेल पुसला जात नाही, फक्त इनबॉक्समधून हलतो आणि शोधला की सापडतो. जीमेलमध्ये वरच्या चौकोनावर टिचकी मारली की फक्त त्या पानावरचे पन्नासएक मेल निवडले जातात. वर एक बारीक ओळ येते, शोधात आलेले सगळे मेल निवडा अशी. ती दाबली नाही तर तुम्ही दिवसभर पन्नास-पन्नास हलवत बसाल. उरलेले दोन महिन्यांचे मेल सहायकाने दोन-तीन दिवसांत गठ्ठ्यांत लावायचे. साठ्याची अडचण असेल तर मोठ्या जोडपत्रांचे मेल आकाराने शोधून काढा. फुकटच्या गूगल खात्यात १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो अशी तिघांत मिळून असते, त्यामुळे पुष्कळदा जागा खाल्लेली असते घरच्या लग्नाच्या व्हिडिओंनी. पण व्यवहाराचे मेल जागेसाठी पुसू नका. कंपनी कायद्याप्रमाणे हिशोबाची पुस्तकं आणि त्यांच्यामागची व्हाउचरं आठ आर्थिक वर्षं ठेवायची असतात, आणि जीएसटीच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने. दराचा वाद, रिजेक्शनचा वाद, उशिरा पैसे दिल्याचा वाद, सगळीकडे शेवटी तारीख असलेला मेलच कामी येतो.

राहून गेलेल्या चौकशीबद्दल वेगळं सांगते, कारण तुमचा खरा तोटा तिथे झाला. ती चौकशी तुमच्या वैयक्तिक आयडीवर आली, कारण व्हिजिटिंग कार्डावर, वेबसाइटवर आणि इंडियामार्टसारख्या पोर्टलवर तोच आयडी आहे. कार्डावर तुमचा आयडी राहू द्या, पण बाकी सगळीकडे 'सेल्स' नावाचा समूह आयडी द्या, जो कमीत कमी दोन माणसांकडे उघडतो. तुमच्या आयडीवर आलेल्या मेलमध्ये चौकशी, आरएफक्यू (म्हणजे कोटेशनची मागणी), ड्रॉइंग, कोटेशन असे शब्द असतील तर त्याची प्रत आपोआप सेल्सकडे जाईल असा नियम लावा. आणि सेल्सने प्रत्येक चौकशीला क्रमांक द्यायचा, अगदी जुन्या आवक नोंदवहीसारखा. पोच त्याच दिवशी, त्यात कोटेशन कोणत्या तारखेला देणार तेही लिहायचं. फाउंड्रीत पॅटर्नचा, म्हणजे साचा बनवायच्या नमुन्याचा, खर्च, वजन, मशीनिंगचा अंदाज काढायला चार दिवस लागतात हे ग्राहकालाही माहीत असतं. तो त्यासाठी थांबतो. मेल पोचला की नाही हेच कळलं नाही, तर तो दुसऱ्याला विचारतो.

व्हॉट्सॲपवर सरसकट सगळं वळवू नका. मेल तुंबला की 'मला व्हॉट्सॲप करा' म्हणायची सवय लागते, आणि मग दर, ड्रॉइंगची नवी आवृत्ती, मंजुरी हे सगळं शुभेच्छांच्या आणि भट्टीच्या फोटोंच्या मधे हरवतं. तातडीला फोन, लेखी निर्णयाला मेल, शॉप फ्लोअरच्या फोटोला व्हॉट्सॲप, एवढं ठरवा.

रात्रीचं वाचन बंद करा. तुमच्या झोपेसाठी तर कराच, पण त्याहून जास्त तुमच्या माणसांसाठी. मालकाचा मेल रात्री पावणेबाराला आला की मॅनेजर उत्तर द्यायला उठतो, तुम्ही तशी अपेक्षा केली नसली तरी. तो सकाळी कारखान्यात अर्धवट झोपेत येतो आणि हळूहळू सगळेच रात्री मेल लिहायला लागतात. रात्री काही सुचलंच तर लिहा आणि सकाळी नऊला जाईल असं लावून ठेवा. दिवसात दोन बैठका पुरतात, सकाळी दहाची सहायकाबरोबरची आणि दुपारी साडेचारची स्वतःची. मधल्या वेळात फोनवरची मेलची सूचना बंद. खरी तातडी असेल त्याच्याकडे तुमचा नंबर असतोच.

जीमेलमध्ये जेमिनाय, आउटलुकमध्ये कोपायलट अशी मदतही आता आहे, आणि लांब साखळीचा सारांश काढायला ती चांगली आहे. पण आकडे, तारखा, ड्रॉइंगचा रिव्हिजन क्रमांक हे मूळ मेलमध्ये बघितल्याशिवाय कोणत्याही सारांशावर विसंबू नका. साच्याच्या एका रिव्हिजनची चूक म्हणजे आख्खा लॉट भंगारात, हे मी तुम्हाला सांगायला नको.

एक अडचण पहिल्या महिन्यात येईलच. जुने ग्राहक, डीलर, संघटनेतले मित्र म्हणतील, 'आम्ही तुम्हाला लिहिलं आणि उत्तर तुमच्या ऑफिसातून आलं.' यांची एक छोटी यादी करा, पंधरा-वीस नावांची. त्यांचे मेल सहायकाने हात न लावता थेट तुमच्यासमोर ठेवायचे आणि उत्तर तुम्ही स्वतः द्यायचं, दोन ओळींचं का असेना. बाकीच्यांना फोनवर एकदा सांगा की आता माझ्या ऑफिसातून तुम्हाला त्याच दिवशी उत्तर मिळेल, पूर्वी आठवडा लागायचा. कोणी तक्रार करत नाही.

आणि सहायक रजेवर जाईल त्या दिवसाची सोय आजच करा. दुसरं एक माणूस या कामात तयार हवं, महिन्यातून दोन दिवस त्यानेच टेबल सांभाळावं. नाहीतर दिवाळीच्या सुट्टीनंतर परत चारशे न वाचलेल्या मेलांपासून सुरुवात होईल. वही, मर्यादापत्रक आणि सहा लेबलं एवढी तयारी झाली की मला कळवा. मर्यादापत्रकात रकमा कुठे ठेवायच्या यावर तुमच्या खरेदीची आणि ग्राहकांची थोडी माहिती मिळाली तर आणखी नेमकं सांगता येईल.